काचेतून दिसणारा आकडा

९ ऑक्टोबर २००६, सोमवार

बेड ३ भरला. बाळाराम, वय ३६, चेणे गावचा, टेम्पो चालवतो. सहा दिवस ताप अंगावर काढला, मधे कुठेतरी दोन इंजेक्शनं टोचून घेतली आणि परत टेम्पोवर. आज सकाळी श्वास लागला तेव्हा घरच्यांनी उचलून आणला. मलेरिया, तोही वाईट जातीचा. डोळे पिवळेधमक, एक्स-रेमध्ये दोन्ही फुप्फुसं पांढरी. अकराला नळी घातली, व्हेंटिलेटरवर घेतला. सत्तर टक्के ऑक्सिजन देऊन सॅच. (रक्तातला ऑक्सिजन) कसंबसं ९१.

बायको मंजुळा, तिशीची असेल. आयसीयूच्या काचेला नाक लावून उभी. दर दोन मिनिटांनी टकटक. "म्याडम, कसा हाय?" मी मानेतल्या शिरेत लाइन टाकतेय, हातात निर्जंतुक मोजे, कपाळावरचा घाम डोळ्यात उतरतोय, आणि ही टकटक. शेवटी बाहेर जाऊन सांगितलं, "मॉनिटरवर तो निळा आकडा दिसतोय? रक्तात ऑक्सिजन किती भरलाय ते त्यात कळतं. नव्वदच्या वर असला की काळजी करायची नाही." टकटक थांबली.

सुटले. ही युक्ती इतक्या वर्षांत सुचली कशी नाही?

१० ऑक्टो., मंगळवार

मंजुळा काशीगावच्या बाजारात भाजी विकते. अक्षरं वाचता येत नाहीत, आकडे मात्र चोख. मी सकाळी पोचले तर सिस्टरच्या आधी हिचाच रिपोर्ट तयार. "पाचाला ब्याण्णव व्हता, सातला एक्याण्णव, आता बी एक्याण्णव." लिसी सिस्टर म्हणाली, "मॅडम, इसको नौकरी पे रख लो, हमारा एक आदमी कम हो जाएगा." खूप हसलो.

खाली पानवाल्याच्या लाल फोनवरून ती गावी कळवते. चेण्यात आता म्हणे सगळे एकमेकांना विचारतात, आज किती?

किडनी जेमतेम चालू. हिमोग्लोबिन ८.१. ताप उतरायचं नाव नाही. वरून मी शांत आहे.

११ ऑक्टो., बुधवार

सकाळपासून घसरगुंडी. ८९, ८७, ८६. मंजुळा काचेवर दोन्ही तळहातांनी. ऑक्सिजन नव्वद टक्क्यांवर नेला, आकडा ढिम्म. मग पीप वाढवायला घेतला. (मिलिंदने परवाच जेवताना विचारलं होतं, हे पीप काय प्रकरण? म्हटलं, माणसाने श्वास सोडला तरी फुप्फुसात थोडा दाब राहू द्यायचा, म्हणजे ती पार मिटून जात नाहीत. नवरा इंजिनियर, लगेच "किती दाब?" माणूस कसा आहे ते नाही विचारलं.)

आठवरून दहा. बारा. चौदा. दुपारी तीनला ९६.

शहाण्णव! लिसीने टाळी दिली. मंजुळा जिन्यावरून धावत खाली गेली ती पेढ्यांचा पुडा घेऊनच वर. सरांनाही दिला. सर म्हणजे हॉस्पिटलचे मालक, सर्जन, आयसीयूत फक्त शाबासकीपुरते येतात. "वा, मस्त मॅनेज केलंस." पेढा खाल्ला मी. दोन खाल्ले.

१२ ऑक्टो., गुरुवार

लिसी: "मॅडम, कल शाम से यूरिन बहुत कम. पैर भी ठंडे हैं."

बीपी ९४. काल सकाळी ११०च्या वर होतं. या मलेरियात किडनी बसते, पुस्तकात आहे, म्हणून तेच धरून चालले. सलाइन वाढवलं, बीपीचं औषध चालू केलं, किडनीवाल्या डॉक्टरांना फोन लावून ठेवला. सॅच. ९६. खरं लिहायचं तर ९६ बघून बाकीचं मी नीट बघितलंच नाही. लिसी पायांचं दोनदा म्हणाली. मी म्हटलं, एसी कमी कर.

मंजुळा आज पहिल्यांदा भिंतीला टेकून अर्धा तास झोपली. शहाण्णववर झोपली.

घरी भाजणी दळून आलीय. सासूबाई डबा उघडून वास घ्यायला लावतात. मी हो हो म्हटलं. डोक्यात ते पाय.

१३ ऑक्टो., शुक्रवार

लघवी ताशी आठ मिली, तीस तरी हवी. पाय घोट्याच्या वरपर्यंत गार. झोपेचं औषध कमी केलं तरी डोळे उघडत नाही.

दोन सिरिंजा भरल्या, एक धमनीतून, एक मानेतल्या लाइनमधून. रक्तातल्या वायूंचं मशीन आमच्याकडे नाही, ते रेल्वेच्या पलीकडे पूर्वेच्या लॅबमध्ये. वॉर्डमामांना बर्फाच्या थर्मासात सिरिंजा देऊन रिक्षात बसवलं. सव्वा तास. फोनवर आकडे घेतले, परत सांगायला लावले, तिसऱ्यांदा लॅबवाली वैतागली.

धमनीत ९६. मानेत ४९.

निघताना शहाण्णव आणि शरीरभर फिरून परत येताना एकोणपन्नास. सत्तरच्या आसपास परत यायला हवं. म्हणजे पोचतंयच इतकं थोडं की जे येईल ते शरीर ओरबाडून घेतंय. कारणं दोन. एक, हिमो. आज ७.०, ऑक्सिजन वाहून न्यायला रक्तच नाही पुरेसं. दुसरं कारण मी. चौदाचा पीप छातीत एवढा दाब देतोय की हृदयाकडे रक्त परत यायला वाट नाही, आणि आलंच नाही तर पुढे जाणार काय. लोड भरपूर, पण गाडी हलत नाही.

हे मला माहीत नव्हतं? परीक्षेत लिहिलंय. दोन दिवस मी आकडाच बरा करत बसले होते. आणि पेढे.

संध्या. साडेपाच. रक्ताची पिशवी लावली. मोठा दीर पांडुरंग आणि गावातले दोघे बदली रक्त देऊन गेले. मग पीप कमी करायला घेतला. बारावर सॅच. ९३. दहावर ९०. इथपर्यंत हात ठीक होता. पुढचं पाऊल नव्वदच्या खाली, आणि बाहेर ती, नाक काचेला.

लिसीला म्हटलं, "मॉनिटर जरा दीवार की तरफ घुमाओ."

तिने माझ्याकडे पाहिलं. "पक्का, मॅडम?"

"घुमाओ."

पीप आठ. ८७.

टकटक. बाहेर गेले आणि म्हटलं, "वायर खराब झालीय, दुरुस्त करायला सांगितलंय." ती म्हणाली, "बरं." लगेच मानलं तिने. तिने भांडायला हवं होतं असं आत्ता वाटतंय.

१४ ऑक्टो., शनिवार

पाय कोमट. बीपी १०४. लघवी ताशी २५. सॅच. ८७, कधी ८८. दुपारी मानेतला आकडा ५८. जमतंय! पेशंट सुधारतोय आणि दिसतोय मात्र बिघडल्यासारखा. हे कोणाला सांगू? लिसीला सांगितलं. ती म्हणाली, "मेरे को मत बोलो मॅडम, उसको बोलो."

मंजुळाने तीनदा विचारलं, "वायर आली का?" मी तीनदा "येतेय". चार वाजल्यानंतर विचारायची थांबली. बाकावर काचेकडे पाठ करून बसली. मी जाता-येता चोरासारखी दुसऱ्या दाराने.

उद्या सांगेन. उद्या माझी सुट्टी. मग परवा सांगेन.

१५ ऑक्टो., रविवार

साडेदहाला लिसीचा फोन. "मॅडम जल्दी आओ, बहुत लोग आए हैं." मीरा रोडहून रिक्षा केली, रिक्षावाल्याला सारखं "भैया जल्दी", त्याने शेवटी आरसा वळवून माझं तोंड बघितलं.

खाली जीप आणि एक व्हॅन. वर दहा-बारा माणसं, पुढे पांडुरंग. अंगाने आडवा, आवाज चढलेला. "मेलेला मानूस मशीनवर ठिवलाय तुमी. आकडा बंद केला तवाच आमाला कळला."

म्हटलं, हृदय चालू आहे, बीपी आहे, जिवंत आहे तो.

"मंग दाखवा."

आत गेले, मॉनिटर स्वतःच्या हाताने काचेकडे फिरवला आणि बाहेर आले. सगळे एकदम पुढे सरकले. हिरवी रेघ उड्या मारत होती, त्याकडे कोणी बघितलं नाही. मंजुळाने निळा वाचला. "सत्त्याऐंशी." मग माझ्याकडे बघून, हळू, "तुमीच बोल्लात नव्वद."

हो म्हटलं, मीच.

"आनि वायर?"

"वायर ठीक होती."

ती रागावली असती तर बरं होतं. तिने नुसती मान हलवली, बाजारात कोणी कुजकी भाजी हातात ठेवावी आणि आपण ती खाली ठेवावी तशी. पांडुरंग म्हणाला, ठाण्याला नेतो, आत्ताच्या आत्ता.

सरांना फोन केला. "स्वतःच्या जबाबदारीवर नेतोय असं लिहून घे आणि सोड. कशाला अंगावर घेतेस?" मागच्या वर्षी असाच एक सोडला होता. वरसावे पुलापाशी ट्रक आडवा झालेला, अँब्युलन्समधला सिलेंडर संपला, ठाणं आलंच नाही. त्याचा मुलगा दुसऱ्या दिवशी फक्त कागद न्यायला आला होता.

पांडुरंगला सरळ सांगितलं: या मशीनवरून काढून हाताने फुगा दाबत नेलात तर काशिमीऱ्याच्या पुढे हा टिकेल असं मला वाटत नाही.

तो म्हणाला, "तुमच्यावर इस्वास ठिवायचा कसा, ते सांगा."

उद्या दुपारपर्यंत थांबा म्हटलं, हात जोडले. थांबतो म्हणाले, पण जीप खालीच राहील.

मिलिंदला सगळं सांगितलं. तो म्हणाला, आधीच सांगून टाकायचं होतंस ना. हो. अगदी बरोबर.

१६ ऑक्टो., सोमवार

मंजुळाला आत घेतलं. नियमात बसत नाही. गाऊन, टोपी, पायात प्लास्टिकच्या पिशव्या. आधी बेडपासून चार हात लांब उभी राहिली. नळ्या बघून तोंडावर पदर.

"पायांना हात लावा," म्हटलं.

आधी अंगठ्याला लावला, मग तळव्याला, मग घोट्याला. मग दोन्ही हातांनी पोटऱ्या धरल्या. "गरम हाय."

"गुरुवारी गार होते. तेव्हा आकडा शहाण्णव होता."

मग सगळं सांगितलं. की पहिल्या दिवशी तो आकडा तुम्हाला दिला तो तुमची टकटक थांबावी म्हणून. तो आकडा रक्तात ऑक्सिजन भरला किती एवढंच सांगतो, अंगभर पोचला किती ते नाही. मी दाब वाढवला, आकडा चढला, आणि त्याच दाबाने रक्ताची वाट अडली, पाय आणि किडनी उपाशी राहिली. मग मीच दाब कमी केला, माझ्या हाताने, आकडा खाली जाणार हे माहीत असून. आणि मॉनिटर फिरवला कारण तुमची भीती वाटली.

"माजी?"

"हो."

तिने लघवीच्या पिशवीकडे बघितलं. तिला पिशवी दाखवली होती ना, आता भरतेय म्हणून. मग म्हणाली, "आमच्या चाळीला वरती टाकी भरलेली असते नि खाली नळाला पानी न्हाय. तसा?"

तसंच. मी तीन दिवस शब्द शोधत होते.

"मंग आदीच का न्हाय बोल्लात?"

मी त्याच्या पायांवरची चादर सारखी केली.

नंतर विचारलं, सत्त्याऐंशीत त्याच्या डोक्याला काय होणार नाही ना. म्हटलं, रक्त नीट फिरत असेल तर एवढ्यावर बहुतेक निभतं, पण अजून खाली गेला तर धोका आहे, आणि खात्री मी देऊ शकत नाही. पुढचा प्रश्न दारापाशी, टोपी काढताना. "तुमचा मानूस असता तं कमी केला असता?"

"हो." लगेच म्हटलं.

आत्ता लिहिताना मिलिंदला बेड ३वर झोपवून बघितलं. पीपच्या बटणाकडे हात नेऊन बघितला. बारापर्यंत आणते. दहापर्यंत आणते. पुढे

दुपारी मानेतला आकडा ६२, हिमो. ८.४. पांडुरंग आला नाही. मंजुळानेच त्याला फोन करून उद्यावर ढकललं म्हणे. का, ते मला नाही सांगितलं.

१७ ऑक्टो., मंगळवार

आज पांडुरंग आला. सरांच्या सांगण्यावरून काउंटरवर कागद तयारच होता, "आमच्या जबाबदारीवर" वगैरे, खाली सहीची रेघ. अँब्युलन्सही मागवलेली. ड्रायव्हर जिन्यात उभा राहून तंबाखू मळत होता.

मंजुळा म्हणाली, "न्हाय न्यायचा."

पांडुरंग: "मंजुळे, डोक्यावर परिनाम झालाय काय तुज्या? यांनी फसवलाय आपल्याला."

"फसवलाय. आनि त्यांनीच येऊन सांगितला. दुसऱ्या दवाखान्यात फसवतील तं कोन सांगल?"

पांडुरंग कागद उलटा ठेवून खाली गेला. माझ्याकडे एकदाही बघितलं नाही. अँब्युलन्स गेली. जीप अजून आहे.

सर केबिनमध्ये: "आता ही केस तुझ्या नावावर, लक्षात ठेव." हो सर, म्हटलं, फार ठामपणे. मग बाथरूममध्ये जाऊन पाच मिनिटं हात धुतले. आनंद व्हायला हवा होता. तिने विश्वास टाकला माझ्यावर. आधी निदान तिच्या संशयाशी भांडता येत होतं.

सॅच. ८८. लघवी ताशी ४०. बोट दाबायला सांगितलं तर दाबलं त्याने! नक्की दाबलं. लिसी म्हणते झटका असेल. मी म्हणते दाबलं.

१८ ऑक्टो., बुधवार

बाराच्या सुमाराला मंजुळा स्वतःहून माझ्याकडे आली. दहा दिवसांत पहिल्यांदा केस विंचरलेले. "मी घरी जाऊन येते. पोर शेजारनीकडं हाय, तिला बघून येते. सांजपावतर येते. तुमी हायत ना?"

"आहे."

"मंग झाला."

आकडा विचारला नाही. पिशवी उचलली, पांडुरंगच्या जीपमध्ये बसून गेली. जाताना काचेकडे बघितलंही नाही.

१.४० ला ८६.

२.०० ला ८४. नळीतून कफ ओढून काढला, थोडाच निघाला. नळी जागेवर. दोन्ही बाजूंना हवा जातेय, उजवीकडे किंचित कमी वाटते, की मलाच वाटते? एक्स-रेवाल्याला बोलावलं, येतो म्हणाला. पाय गरम. बीपी १०६. दोन्ही सिरिंजा बर्फात घालून मामा पूर्वेला गेलेत.

लिसी मशीनपाशी उभी. "मॅडम, पीप थोडा बढाएँ?"

दोनने वाढवलं तर आकडा चढेल. नव्वद होईल कदाचित. संध्याकाळी ती येईल तेव्हा नव्वद दिसेल. हे आत्ता त्याच्यासाठी मनात येतंय की तिच्यासाठी, तेच मला सुटं करता येत नाहीये. आणि नाही वाढवलं, आणि फुप्फुस खरंच मिटत चाललं असेल, तर मी नुसती शहाणपणा करत बसलेय. गुरुवारीही मला खात्रीच होती.

"रुको," म्हटलं. "रिपोर्ट आने दो."

२.५० ला ८३. लघवी गेल्या तासात ३८. हे दोन आकडे दोन वेगळ्या माणसांचे असावेत असे. एक्स-रेवाला अजून नाही. मामांची रिक्षा कुठे अडकलीय देव जाणे.

बाहेर बाक रिकामा. काचेवर तिच्या कपाळाचा तेलकट डाग राहिलाय, सफाईवालीने पुसला नाही. इतके दिवस वाटत होतं, ही जरा बाजूला गेली तर सुचेल तरी. आता गेलीय, आणि आज मी चुकले तर ते पकडणारं तिथे कोणी नाही. वाढवला काय, नाही वाढवला काय, संध्याकाळी मी जे सांगेन ते ती खरं धरेल.

३.०५. ८३. लिसीचा हात बटणावर, ती माझ्याकडे बघतेय. लॅबचा फोन आलेला नाही.